अंगठेवाला वडा

मयुरीच्या गाडीला चारी बाजूंनी बारक्या दिव्यांच्या माळा आहेत, आत फ्रीज आहे, वर पाटी आहे आणि पाटीवर माझ्या मायच्या गिल्या, म्हणजे कढीत बुडवलेल्या, वड्याचं चित्र आहे. मयुरी म्हणजे माझी नात. चांगली शिकली, दोन वर्षं पुण्याला नोकरी करून आली आणि एक दिवस म्हणाली, "आजी, मी फूड ट्रक टाकून राहिली, शेगाव नाक्यावर." मी म्हटलं, टाक बाई, आमच्या काळी त्याला नुसती गाडी म्हणायचे आणि गाडीवालीच्या पोरीला सोयरीक यायची नाही. तिला हसू आलं. मला नाही आलं, कारण मी ते खरं सांगत होते. डाळ किती तास भिजवायची, कढीला आंबटपणा किती, सांबार, म्हणजे कोथिंबीर, बारीक चिरायचा की तोडून टाकायचा, सगळं तिनं माझ्याकडून विचारून घेतलं. वडे मात्र ती स्टीलच्या साच्यातून पाडते, मधोमध गोल भोक. अंगठ्याची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. तशी ती मी कोणालाच सांगितलेली नाही. आता खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडले आहे, दिवस सरता सरत नाही, तेव्हा लिहून टाकते. कोणाला खोटं वाटलं तर वाटू दे.

अमरावतीला मसानगंजात आमची दीड खोली होती. बाप मी पाळण्यात असतानाच गेला, त्यामुळे घरात मी आणि माय. सकाळी जाग यायची ती रगड्याच्या आवाजानं. उडदाची डाळ वाटताना माय एक लय धरायची, घर्र करून दगड फिरायचा आणि मध्येच ती पाण्याचा हबका मारायची, चप्प. दुपारपर्यंत घरभर आलं, मिरची आणि ताकाचा वास. भिंतींना, पांघरुणाला, माझ्या शाळेच्या दप्तरालासुद्धा तोच वास. वर्गातल्या पोरी मला ‘कढी’ म्हणायच्या आणि मी त्यांची वेणी ओढून ठेवायची, मी तेव्हापासूनच फटकळ. तीन वाजता आम्ही गाडी ढकलत बसस्टँडच्या फाटकाबाहेर न्यायचो, लिंबाच्या झाडाखाली. चारला भट्टीवर कढई चढायची आणि दिवे लागायच्या आत भांडं रिकामं व्हायचं. दर्यापूरच्या जीपा तिथूनच भरायच्या. ड्रायव्हर हॉर्न देऊन थकायचा, पण पळसाच्या द्रोणातला शेवटचा घोट कढी प्यायल्याशिवाय एक सवारी आत बसायची नाही. माणसं घरी चांगलं जेवण असताना रस्त्यावर उभं राहून का खातात, हे मला पुष्कळ जण विचारतात. मला वाटतं, घरी आपण आपल्यासाठी केलेलं खातो. गाडीवर एका परक्या माणसाचा हात आपल्या पोटात जातो. त्या हाताची सवय लागते.

मायच्या हाताची सवय लागायला कारणही होतं. तिचं माहेर भातकुलीजवळचं. लहानपणी कडब्याच्या कुट्टीच्या मशीनमध्ये तिच्या उजव्या अंगठ्याचं टोक गेलं होतं, नखासकट आणि तेही तिरपं. उपड्या वाटीवर ओलं फडकं ताणून त्यावर ती पिठाचा गोळा थापायची, बोटं पाण्यात बुडवायची, अंगठ्यानं मधोमध दाबायची आणि वडा तेलात सोडायची. दाबलं नाही तर वडा आत कच्चा राहतो, कधी कधी फुटतोसुद्धा. तिच्या त्या तुटक्या अंगठ्यानं वड्याला पडायचा तो खळगा गोल नसायचा, एका बाजूनं कापल्यासारखा, अर्ध्या चंद्राच्या आकाराचा. तळून, गरम पाण्यात बुडवून, पिळून काढला तरी तो तसाच दिसायचा. लाल चटणी बरोबर त्यात बसायची. लोक म्हणायचे, "बाई, अंगठेवाला द्या." आम्हाला दुसरा कोणता येतच नव्हता, पण म्हणायचे.

त्या वर्षी अकोल्याला मावशीच्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. माय दोन दिवसांसाठी निघाली. जाताना तिनं मला अक्कल शिकवायचं काम पुरं केलं. "भट्टी रोज पेटवजो. गिऱ्हाईक एक असो का शंभर, पेटवजो. तुले ठाऊक हाय ना फाटकावरचा कायदा?" कायदा मला ठाऊक होता. कागदावर कुठं लिहिलेला नव्हता, पण तहसीलदाराच्या कायद्याहून पक्का होता. ज्याची भट्टी तीन दिवस थंड, त्याची जागा गेली. लिंबाखालच्या आमच्या जागेवर चार जणांचा डोळा होता. माय म्हणाली, "जागा गेली तं आपुन काय राहिलो सांग बरं?" मी म्हटलं, "जा वं माय, मले येते सारं." तिनं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि हसली. "तुहा अंगठा साजरा हाय, धड हाय. लोकाईले चालनार नाही."

तिसऱ्या दिवशी ती आली नाही. अकोल्याच्या बसचा कंडक्टर आमचा नेहमीचा खाणारा, त्यानं फाटकाशी मला हाक मारली आणि मावशीची चिठ्ठी हातात दिली. मायला लकवा मारला होता. साक्षगंधाच्या पंगतीसाठी वडे करता करता पाटावरच कलंडली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, तिला तिथल्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. चिठ्ठीच्या शेवटी मावशीनं लिहिलं होतं, तू येऊ नको, जागा सांभाळ, शुद्धीवर आल्यावर ती पहिलं तेच विचारील. मी चिठ्ठी पोलक्यात खोचली आणि कढई चढवली. रडत रडत वडे थापले. आमच्या शेजारी चहाची गाडी लावणारे सत्तारचाचा, पांढरी दाढी, एका डोळ्यात फूल पडलेलं, त्यांनी न सांगता माझ्या बादलीत पाणी आणून ओतलं आणि म्हणाले, "रो ले बेटी, मगर तेलात पाणी नको पडू देऊ."

पहिले चार दिवस गिऱ्हाइकांनी मला जीव नकोसा करून सोडला. वडा मी मायच्याच हिशेबानं करत होते, डाळ तीच, कढी तीच, पण माझ्या अंगठ्याचा खळगा गोल, भरलेला. एक जण म्हणाला, "बाई कवा येते?" दुसऱ्यानं अर्धा द्रोण तसाच लिंबाच्या बुडाशी ठेवला. मी त्याला म्हटलं, "आवडत नसन तं घरी जाऊन बायकोच्या हातचं खा." तो म्हणाला, "तेच तं टाळून राहिलो." बाकीचे हसले. मलाही हसू आलं, आणि हसल्याची लाज वाटली.

पाचव्या दिवशी, भट्टी पेटवून पहिला गोळा वाटीवर घेतला आणि माझ्या उजव्या अंगठ्याचं टोक बधिर झालं. मुंग्या आल्या असतील म्हणून झटकला. मुंग्या नव्हत्या. पुढचं पेरंच तिथं नसावं तसं वाटत होतं. डोळ्यांना अंगठा दिसत होता, हाताला तो कळत नव्हता. तसाच दाबला, सोडला. घाणा वर आला तेव्हा झाऱ्यात सात वडे होते. सहा माझे. सातवा तिरपा दाबलेला, अर्ध्या चंद्राचा. मी तो बाजूला काढून ठेवला, तर सत्तारचाचांनी उचलला, तोडला, तोंडात टाकला आणि चावायचेच थांबले. त्यांचा तो चांगला डोळा माझ्यावर रोखला. "हा तुहा नाही," एवढंच म्हणाले. उरलेला वडा त्यांनी फेकला नाही, खाल्ला. पण डोक्यावरची टोपी नीट करून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तसे तीन निघाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक घाण्यात निम्मे. मी घाबरले म्हणावं तर घाबरले नव्हते. खरं सांगते, मला माय भेटल्यासारखं होत होतं. घरी जाऊन रिकाम्या खोलीत झोपायचं, सकाळी एकटीनं रगडा फिरवायचा, आणि चार वाजले की अंगठा बधिर व्हायची वाट पाहायची. तेवढ्यात कंडक्टरनं मावशीची दुसरी चिठ्ठी आणली. लिहिलं होतं, खुशखबर आहे, मेलेला हात हलायला लागला. दिवसभर दगडासारखा पडून असतो आणि चार वाजले की चालतो. उशाशी पाण्याची वाटी ठेवली तर बोटं बुडवते, चादरीवर थापते, अंगठ्यानं दाबते. डॉक्टर म्हणतात चांगलं लक्षण आहे. मी ती चिठ्ठी सत्तारचाचांना वाचून दाखवली. ते चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच राहिली आणि चहा कपाबाहेर वाहत राहिला. "चार वाजता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "आणि किती येळ?" मी म्हटलं, ते लिहिलं नाही.

आठवडाभरात एकही वडा माझा राहिला नाही. गिऱ्हाईक परत आलं, नव्हे, दुपटीनं आलं. आधी लोक खाता खाता बोलायचे, कापसाचा भाव, कोणाची सून, कोणाचा वांधा. आता कोणी बोलेना. द्रोण घ्यायचे, मान खाली घालायचे आणि खायचे. जीपवाले हॉर्न देईनात. फाटकासमोर पन्नास माणसं उभी आणि नुसता तेलाचा आवाज. एका बाईच्या कडेवर लहान मूल होतं, ते माझ्याकडे पाहायचं सोडून माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहून हसत होतं, हात पुढं करत होतं. माझा हात इतका भरभर चालत होता की मला तो थांबवता येत नव्हता. भांड्यात हात घालावा तर गोळा आधीच बोटांत आलेला. मी तिथं नुसती उभी होते. गाडी माय चालवत होती.

आज मी म्हणते, तेव्हाच समजायला हवं होतं. पण पोरवय, आणि आई परत मिळाल्याचं सुख, त्यापुढं कोण विचार करतो.

तिसरी चिठ्ठी घाईघाईत खरडलेली होती. हात आता दोन-दोन तास चालतो, अंग घामानं भिजतं, थांबला की तिच्यात काही उरत नाही. दूधसुद्धा गिळत नाही. डॉक्टर म्हणतात, विश्रांती मिळाली नाही तर हृदय तग धरणार नाही. आज चार वाजता हात पदराच्या काठानं खाटेला बांधून पाहते. चिठ्ठी वाचून मी स्टँडवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारच वाजत होते. गोळा वाटीवर घेतला. अंगठा बधिर झाला, पण पुढं सरकेना. मनगट कोणी आवळून धरल्यासारखं. जोर करून पाहिला, दुसऱ्या हातानं ढकलून पाहिला. तसाच न दाबलेला गोळा तेलात घसरला, फुगला आणि फट्‌कन फुटला. तेल माझ्या कोपरापर्यंत उडालं. दुसराही फुटला. लोक मागं सरले, पण गेले नाहीत, तिथंच उभे राहिले. माझ्या मनगटावर काठाची नक्षी उमटली होती, लहान लहान रुईफुलं. मी ते सत्तारचाचांपुढं धरलं आणि लहान पोरासारखी भोकाड पसरून रडले.

त्यांनी भाजल्यावर थंड पाणी ओतलं, मग खाली बसून माझ्याकडे पाहत म्हणाले, "सुशी बेटी, तुही माय तिथं निजून हाय का इथं उभी हाय?" मी म्हटलं, इथं. ते म्हणाले, "मंग तिले घरी जाऊ दे. भट्टी बुझा दे." मी म्हटलं, "चाचा, जागा जाईन." "जाईन," ते म्हणाले. ते खोटं बोलणारे नव्हते. मी खूप वेळ भट्टीकडे पाहत उभी राहिले. शेवटी कढीचं भांडं उचललं आणि भट्टीवर ओतलं. तो वास अजून माझ्या नाकात आहे. लोक एकेक करून निघून गेले, कोणी विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं निघाले, बडनेरा, मूर्तिजापूर, सगळा रस्ता मी पायांकडे पाहत होते. दवाखान्यात पोचले तेव्हा चारला थोडं कमी होतं. माय केवढीशी दिसत होती. मावशीनं गाठ सोडली होती, मनगट काळंनिळं पडलं होतं. चार वाजले आणि तिचा हात उठला. वाटीत बोटं बुडाली, चादरीवर आली, थापू लागली, पण थापायला काही सापडेना. हात इकडं चाचपडे, तिकडं चाचपडे, कपाट उघडून काही शोधावं तसा. मला ते पाहवेना. मी तो हात दोन्ही मुठींत धरला आणि म्हटलं, "माय, झालं आता. भट्टी विझवली मी. तू झोप." तिनं डोळे उघडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणाकडे नीट पाहिलं ते माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. मग हात माझ्या हातात सैल पडला. मावशी म्हणाली, "पाह्य, तुह्या एका शब्दानं शांत झाली. सुटली बिचारी." दुसऱ्या दिवशी चार वाजता हात हलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी माय गेली. त्याच दिवशी फाटकावरची आमची जागा एका भजीवाल्यानं धरली.

पुढं मावशीनंच बार्शीटाकळीचं स्थळ पाहिलं. नवरा शाळेत मास्तर मिळाला, भला माणूस. त्याच्या बदलीनं परत अमरावतीला आलो, पोरं झाली, नातवंडं झाली. वडा मी पुन्हा कधी तळला नाही. मायची ती शेवटची नजर मात्र मला सुटली नाही. मी मोठ्या हट्टानं ठरवून टाकलं होतं की त्यात समाधान होतं. मायला सुट्टी मिळाली, पोरीनं दिली. असं ठरवल्याशिवाय मला जगता आलं नसतं.

गेल्या सोमवारी सुनेनं दुपारचा चहा आणला आणि दारातच थांबली. म्हणाली, "आई, हे काय चालवलं तुमी? रोज याच टायमाले तुमचा हात चालून राहिला. झोपेत काही निवडता का?" मी पाहिलं. माझा हात चादरीवर थापत होता. चार वाजून गेले होते. मी तिला म्हटलं, "म्हातारपणाचे चाळे आहेत, जा तू." संध्याकाळी मयुरी आली ती थेट माझ्या खाटेवर बसली आणि तिनं फोनवरचा फोटो दाखवला. "आजी, साचा तोच हाय, भोक मधोमध पडाले पाह्यजे. आठ दिवसांपासून हे काय पडून राहिलं पाह्य." परातीत वडे होते. भोक एकालाही नव्हतं. प्रत्येकावर एक खळगा होता, गोल, भरलेला, साजरा. "लोकं तं लय येऊन राहिले," ती म्हणाली, "पन खाताना कोनी बोलतच नाही. मले भेव वाटते." मग तिचं लक्ष माझ्या सुकलेल्या मनगटाकडे गेलं. सुनेनं, म्हणजे तिच्या आईनं, तिला माझ्या हाताचं सांगितलं असणार. पोरगी हुशार आहे, तिनं दोन्ही गोष्टी जुळवल्या होत्या. तिचे डोळे भरले. "डॉक्टर म्हनते तुह्या जिवाले आराम पाह्यजे. मी गाडी बंद ठेवतो आजी. चार दिवस. नाहीतं कायमची."

आणि मला मायची ती नजर समजली. इतक्या वर्षांनी, खाटेवर, पायाला वजन बांधलेलं असताना. दिवसभर मी पडून असते, छताकडे पाहते, सून भरवते ते गिळते. पण चार वाजले की मी उभी असते. समोर माणसं असतात, तेल तापलेलं असतं, मला कोणीतरी द्रोण मागत असतं. मायच्या डोळ्यांत समाधान नव्हतं. ती मला विचारत होती, काहून वं, काहून विझवली?

मी मयुरीचा हात धरला आणि म्हटलं, "खबरदार भट्टी थंड केली तर." ती रडली, भांडली, आईला बोलावते म्हणाली. मी ऐकलं नाही, माझ्या तोंडापुढं तिचं काय चालणार. शेवटी कबूल झाली. सुनेला सांगून मी उशाशी पाण्याची वाटी ठेवून घेतली आहे. हे लिहिता लिहिता अंगठा बधिर व्हायला लागला आहे, अक्षर वाकडं येतंय. पावणेचार झाले. आता वही बंद करते.